ओळखीचा नमुना

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

चैतालीला खिडकीजवळचं टेबल मिळालं.

सोळा वर्षं मी त्या टेबलाकडे बघतेय. तिथे बसणारे केमिस्टकाका निवृत्त झाले तेव्हा मनात म्हटलं, आता ते आपोआप माझ्याकडे येईल. आपोआप काही येत नसतं हे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळायला हरकत नव्हती. चैताली उठली, कारभार बघणाऱ्या रविराज सरांच्या केबिनमध्ये गेली, "सर, मला मसाल्याचा रंग उजेडात नीट दिसतो, ते टेबल मला हवंय," म्हणाली आणि बाहेर येऊन आपला डबा तिथे ठेवला. दोन मिनिटांचं काम. खुर्ची सरकवायला मीच मदत केली. वर "बरं झालं गं, तुला शोभतं," असंही म्हणाले. मग कूलरपाशी जाऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

हे कुणाला सांगणार? म्हणून ही वही काढली. लेकीच्या, सृष्टीच्या क्लासची आहे, पहिल्या चार पानांवर तिचं फिजिक्स आहे. पाचव्यापासून माझी जळजळ.

चैताली ओव्हाळ, वय अठ्ठावीस, राहणार विश्रांतवाडी, आमच्या मसाल्याच्या कंपनीत येऊन दोन वर्षं झाली. माझ्याच विभागात, नवीन पदार्थांच्या. मी मसाल्याचं प्रमाण बसवायला शिकवलं तिला. मिरची किती भाजली की ठसका बसतो आणि किती भाजली की गोडसर होते, हे मी तिचा हात धरून दाखवलंय. आता तिच्या पांढऱ्या कोटावर नाव भरतकाम करून आलंय. माझ्या कोटावर हळदीचे डाग आहेत.

दुपारी नोटीस लागली. आमच्या विभागाला प्रमुख नेमायचा आहे. ज्याला हवं त्याने अर्ज करायचा आणि सोबत आपला एक नवा नमुना द्यायचा. अठ्ठावीस तारखेला चाखणी. चाखणीवर बरंचसं ठरणार.

आमच्याच विभागातले तेजस सर हसत होते. चैताली नोटीसचा फोटो काढत होती.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी चहाच्या वेळी सृष्टीच्या बाबांनी विचारलं, "मंग, केला का अर्ज?"

मी म्हटलं, "मी कशाला करू? सोळा वर्षांचं काम दिसत नाही का त्यांना?"

"त्याईले दिसते बी असंल. पण तुले पायजे हे त्याईले कसं समजन? कोणी इचारन म्हणून वाट पाहून राहिली काय?"

आमच्या ज्ञानदेव गावंडे पाटलांनी पुण्यात वीस वर्षं कारखान्यात काढली, पण घरी बोलतात ते दर्यापूरचंच. मी मात्र ऑफिसात वऱ्हाडी बोलत नाही. पहिल्याच महिन्यात "काहून?" असं म्हणाले होते, आणि पॅकिंगमधल्या बायका आठवडाभर एकमेकींना "काहून, काहून" करत होत्या. तेव्हापासून मी मोजकंच बोलते. लोकांना वाटतं, शांत स्वभाव आहे.

ऑफिसात चैतालीनेही तेच विचारलं. "ताई, तुम्ही अर्ज करताय ना?" मी म्हटलं, "बघू." तिने स्वतःचा त्याच दिवशी दिला. बघू वगैरे काही नाही.

सुशीलाबाईंनी स्वतः बोलावून म्हणायला हवं, दीपमाला, हे तुलाच करायचंय. त्यांनी ही कंपनी स्वयंपाकघरातून उभी केली आहे, त्यांना माणूस कळतो. बोलावतील.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज मीटिंग होती. लसूणचटणी पाकिटात ओली होते म्हणून दुकानदारांच्या तक्रारी येत होत्या. मी खोबरं मिठासोबत भाजून, गार करून, दोनदा वाटायला लावलं. तीन महिने चटणी भुरभुरीत राहिली. हे सगळं तेजस सरांनी पडद्यावर दाखवलं, प्रत्येक पानावर "आम्ही". रविराज सरांनी विचारलं, "ही दोनदा वाटायची कल्पना कुणाची?"

तेजस सर पडद्याकडे बघत राहिले. सगळे गप्प. मला ती शांतता सहन होईना, म्हणून मीच म्हणाले, "सरांनीच सुचवलं होतं. मी फक्त करून बघितलं."

तेजस सर म्हणाले, "टीमवर्क, टीमवर्क."

बाहेर चैतालीने मला गाठलं. "ताई, खोटं का बोललात?"

"खोटं कसलं? चारचौघांत मी-मी करणं बरं दिसत नाही."

"मग तेजस सरांचं मी-मी तुम्ही करून दिलंत."

ती पुढे म्हणाली, "आमच्या आजोबांना, तात्यारावांना, चाळिशीपर्यंत सही येत नव्हती. शिकले आणि मग पिठाच्या डब्यावरसुद्धा नाव लिहायला लागले. आम्हाला सांगायचे, कागद हातातून सोडताना खाली आपलं नाव आहे का बघा, नसेल तर तो कागद दुसऱ्याचा झाला."

आजोबांचं कौतुक वाटलं. तिचं वाटलं नाही. मला शिकवायची काय गरज? आणि इतकं वाटत होतं तर मीटिंगमध्येच बोलायचं होतंस की. (बोलली असती तर मला आणखी राग आला असता, तेही खरं.)

शनिवार, ८ नोव्हेंबर

सृष्टी म्हणते मी आज दिवसभरात अकरा वेळा सॉरी म्हणाले. तिने मोजले. दूधवाल्याच्या हातून पिशवी फुटली, तर त्याला मीच सॉरी म्हणाले. ती हसली. मलाही हसू आलं, मग नाही आलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

डब्यात पाटोडी रस्सा नेला होता. बेसनाच्या वड्या आणि झणझणीत रस्सा. विभागातल्या सगळ्यांना पुरेल इतका नेते मी नेहमी. वाढदिवसाचा केक सांगणं, निरोपसमारंभाचा हार आणणं, मीटिंगचे मुद्दे उतरवून घेणं, ही कामंही माझ्याकडेच आहेत. कुणी दिलेली नाहीत.

चैतालीने एक घास खाल्ला आणि थांबली. दुसरा घास खाताना डोळे मिटले. म्हणाली, "ताई, हे पाकिटात भरता येईल. हे पुण्यात कुणाकडे नाही."

मसाला मूळचा आईचा. पण आईच्या मसाल्याचा वास आठ दिवसांत उडतो. इथे धायरीत घरच्या ओट्यावर मी बारा-तेरा वर्षं त्याच्याशी झटतेय. जवस किती, दगडफूल कधी घालायचं, भिवापुरी मिरची मिळाली नाही तर रंग कशाने धरायचा. आता तो चार महिने टिकतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

तिने विचारलं. मी सांगितलं. अगदी ग्रॅमसकट सांगितलं. ती कृतीचं कार्ड भरत होती. 'तयार करणार' या रकान्याशी आली आणि मान वर केली. "इथे काय लिहू, ताई?"

मी म्हणाले, "काय लिहायचं ते लिही. माझं कसलं आलंय त्यात, घरोघरी करतात. मला नावाचा सोस नाही."

"नक्की ना, ताई?"

"म्हटलं ना एकदा."

गुरुवार, १३ नोव्हेंबर

का दिलं मी? का दिलं? आणि दिलं तर दिलं, वर सोस नाही म्हणे!

बुधवार, १९ नोव्हेंबर

मजल्यावर पाऊल ठेवलं आणि जवसाचा वास आला. चैताली छोट्या कढईत जवस भाजत होती. शेजारी खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, सगळं माझ्या क्रमाने मांडलेलं. नमुने शिजवणाऱ्या सरुबाई म्हणाल्या, "दीपमालाताई, सकाळधरनं तुमच्याच घरचा वास येतोय बघा हितं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. बारा वर्षं बीळ मी खणलं.

निर्लज्जपणा बघा, तिने मलाच हाक मारली. "ताई, जवस एवढं पुरे की अजून भाजू? तुम्ही एकदा हात लावा ना."

जवस अजून अर्धं मिनिट भाजायला हवं होतं. वासावरूनच कळत होतं. मी म्हणाले, "मला वेळ नाही. तुझं तू बघ." ती जरा गोंधळली. मग तिने गॅस बंद केला. अर्धं मिनिट आधी.

घरी आल्यावर हे सांगितलं, तर सृष्टीचे बाबा म्हणाले, "तिले सरळ इचार ना, कोणाच्या नावानं देऊन राहिली." यांना काय, सगळं सरळच दिसतं. चोराला का कुणी विचारतं, बाबा चोरी केलीस का?

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज नमुने द्यायची शेवटची तारीख. नमुन्यावर फक्त नंबर टाकायचा आणि नाव बंद पाकिटात सुशीलाबाईंकडे द्यायचं. चैतालीने दोन पाकिटं दिली म्हणे. एकावर भागलं नाही!

मी काही दिलं नाही. बाईंनी बोलावलं नाही.

जाताना चैताली म्हणाली, "ताई, अठ्ठावीसला रजा टाकू नका हं. प्लीज." म्हणजे मी समोर बसून तिचा सोहळा बघायचा. नाही टाकणार रजा. येणार आणि बघणार.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

चाखणी झाली. जसं झालं तसं लिहिते.

आमच्याकडे चाखणीला विभागातले सगळे बसतात, नमुना दिलेलेही. म्हणून बाईंनी पहिल्या दिवसापासून एक नियम घातला आहे. नमुना तोंडात टाकला आणि कुणाचा ते ओळखलं, स्वतःचा असो की दुसऱ्याचा, तर गुण द्यायचे नाहीत. त्या रकान्यावर काट मारायची आणि 'ओळखीचा' असं लिहायचं. कागदावर नाव नसतं, कुणी तपासत नाही. ज्याच्या-त्याच्या जिभेवर सोडलेलं आहे. सोळा वर्षांत मी असंख्य वेळा काट मारली. तेवढी एक गोष्ट मी मिरवते, मनातल्या मनात का होईना.

आज आठ जण होतो. बाई, रविराज सर, तेजस सर, चैताली, मी, उत्पादनातले दोघं आणि मार्केट यार्डातले मिरचीचे व्यापारी संभाजीशेठ. सहा नमुने. दोन नंबरचा मिसळीचा मसाला चांगला होता, मी आठ दिले. तेजस सरांनी त्यावर काट मारली, म्हणजे तो त्यांचा.

चार नंबरची वाटी आली. रंग बघूनच ओळखीचा वाटला. चमचा तोंडात घातला आणि मी धायरीला माझ्या ओट्यापाशी होते. आईपाशी होते. माझाच. जवस जरा कच्चं, पण बाकी अगदी ग्रॅमसकट माझाच.

समोर चैतालीने चार नंबरवर काट मारली. पाच नंबरवरही मारली. दोन्ही तिचेच तर.

संभाजीशेठ वाटी पुसून खात होते. बाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतला. मी सोळा वर्षांत केलेला एकही पदार्थ बाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतला नव्हता. आणि या मुलीने माझं ताट उचलून स्वतःपुढे ओढलं आणि बाई त्यातलं मागून खातायत!

पेन उचललं. काट मारायला हवी होती. मी 'तीन' लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, 'जवस कच्चं. रश्श्याला अंग नाही.' दाटपणाला मी अंग म्हणते.

खोटं काय लिहिलं? जवस कच्चं होतंच.

रविवार, ३० नोव्हेंबर

दोन दिवस काही लिहिलं नाही. भाजीत मीठ पडलं नव्हतं, हे सृष्टीने सांगेपर्यंत मला कळलं नाही. माझी जीभ अशी कधी वागली नव्हती.

सोमवार, १ डिसेंबर

घरी आल्या-आल्या वही काढली.

अकरा वाजता बाईंनी सगळ्यांना बोलावून निकाल वाचला. पहिला दोन नंबर, सरासरी आठ. दुसरा चार नंबर, सात पूर्णांक शहाऐंशी. थोडक्यात गेला. तेजस सर उठून उभेच राहिले. मला आत गार वाटलं. म्हटलं, बरी जिरली.

मग बाईंनी पाकिटं फोडली. चार नंबरचं पाकीट फोडून चष्मा वर केला आणि वाचलं, "तयार करणार, दीपमाला ज्ञानदेव गावंडे पाटील. नमुना भाजला व शिजवला, चैताली ओव्हाळ."

लोक टाळ्या वाजवत होते. मला ऐकूच येईना. चैतालीचा स्वतःचा पाच नंबर होता, तो तिसरा आला. ती माझ्याकडे बघून हसत होती. "सॉरी ताई, न सांगता दिलं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. जवसाचं माझं चुकलं, नाहीतर पहिलाच येत होता."

बाई म्हणाल्या, "जवसाने एवढं जात नाही. चार नंबरला सहा जणांनी आठ-नऊ दिलेत. एकाने तीन." कागद त्यांच्या हातात होते. त्यांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. "ज्याने दिला त्याचं त्याला माहीत."

रविराज सर मला म्हणाले, "दीपमालाताई, सुंदर होता हो मसाला."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "सगळं चैतालीनेच केलं, सर. माझं काही नाही."

मंगळवार, २ डिसेंबर

मी गप्प बसले तर तेजस सर प्रमुख होतील आणि कुणाला काही कळणार नाही. माझं नाव चांगलंच राहील. दुसरी आली बिचारी, तीही न मागता, असं म्हणतील.

बोलले तर आधी हे सांगावं लागेल, की तो तीन माझा. नियम मोडला. का मोडला? कारण मला वाटलं ती मुलगी चोर आहे. का वाटलं? इथे आलं की पेन थांबतं. कारण तिला टेबल मिळालं. कारण तिने मागितलं आणि मिळालं, आणि मी मागितलं नाही म्हणून मिळालं नाही, आणि हे मला दोन वर्षं रोज दिसत होतं.

हेवा तिचा केला आणि धोंडा स्वतःच्या पायावर पाडून घेतला. असं करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आज डब्याच्या वेळी ती माझ्या शेजारी बसली. मला जेवण गेलं नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

बुधवारी बाई चाखणीच्या खोलीत एकट्या बसतात. आत गेले. बस म्हणायच्या आत म्हणाले, "बाई, तो तीन माझा आहे."

"माहीत आहे."

"कसं?"

"'रश्श्याला अंग नाही' असं या इमारतीत दुसरं कोण लिहितं? सोळा वर्षं तुझे शेरे वाचतेय."

"मग परवा बोलला का नाहीत?"

"नियम मोडायचा तू आणि बोलायचं मी?"

मी सगळं सांगितलं. टेबलापासून. मध्येच रडू आलं, तर त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "वर्षभर चाखणीला बसायचं नाही."

हे मला सर्वांत जास्त लागलं. पण ते बरोबर होतं.

"तुझा कागद रद्द करून सरासरी पुन्हा काढू. पण हे मला एकटीला सांगून भागणार नाही. शुक्रवारी दहा वाजता सगळ्यांसमोर सांगायचं. तेजसच्या समोर. त्या मुलीच्या समोर." मग त्यांनी विचारलं, "आणि अर्ज कुठे आहे?"

"केला नाही."

"का?"

"वाटलं, तुम्ही बोलवाल."

"मला सत्तरी उलटली, दीपमाला. मी कुणाकुणाच्या मनातलं ओळखत बसू? मूल रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही, आणि मी तर तुझी आईसुद्धा नाही."

त्यांच्यासमोर बसून लिहिते म्हटलं, तर "घरी जाऊन लिही, इथे टिपं पडतील कागदावर," म्हणाल्या.

घरी चार ओळींच्या अर्जाला तास लागला. पहिला कागद 'माफ करा' असा सुरू झाला, तो सृष्टीने फाडला. दुसऱ्यात 'आपणास योग्य वाटल्यास' होतं, तोही फाडला. तिसऱ्यात लिहिलं, 'मला नवीन पदार्थ विभागाची प्रमुख व्हायचं आहे.' पुढे काय-काय केलं त्याची यादी. लसूणचटणीचं लिहिताना तेजस सरांचं नाव येणार नाही याची काळजी घेतली, आणि खाली सही केली. सृष्टीचे बाबा वाचून म्हणाले, "येवढं सारं तू करून राहिली होती? मले बी सांगतलं नाही."

शुक्रवार, ५ डिसेंबर

सांगितलं.

उभी राहिले. लिहून नेलेलं बाजूला ठेवलं. म्हणाले, "चार नंबर मी ओळखला होता. काट न मारता तीन दिले. मला वाटलं चैतालीने माझा मसाला स्वतःच्या नावाने दिलाय. मी तिला विचारलं नाही. मला तिचा हेवा वाटत होता, म्हणून ते खरं मानायला सोपं गेलं." मग म्हटलं, "आणि तो मसाला माझा आहे. चांगला आहे. लसूणचटणीही माझी आहे."

तेजस सर म्हणाले, "मग यांना बादच करायला पाहिजे. हा सरळ नियमभंग आहे." चूक नव्हते ते. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. बाई म्हणाल्या, "शिक्षा झालेली आहे. वर्षभर चाखणी बंद. लबाडी तिच्या कागदाची होती, मसाल्याची नव्हती. तिने स्वतःचाच नमुना पाडला, तुझा नाही." रविराज सरांनी पुन्हा सरासरी काढली. चार नंबर, आठ पूर्णांक सदुसष्ट. त्यांनी माझा अर्ज वाचून काढला. मग म्हणाले, "सहा महिने बघू. सोमवारपासून विभाग तुमच्याकडे. सहा महिन्यांनी पुन्हा बोलू."

मी "सर, तेजस सरांनाच..." इथपर्यंत आले होते. तोंड मिटलं. "ठीक आहे," म्हटलं.

चैताली टाळ्या न वाजवता बाहेर निघून गेली होती. जिन्यात सापडली.

"बारा दिवस मला चोर समजलात," ती म्हणाली. "माझ्याशेजारी बसून जेवलात. एकदा विचारायचं ना, ताई. कार्डावर कुणाचं नाव घातलंस, एवढंच."

"तूही माझं नाव घालताना मला विचारलं नाहीस."

"विचारलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, सोस नाही."

तिचे डोळे लाल झाले होते. मी म्हणाले, "चुकलं माझं." हे एकदाच म्हटलं. मग ते विचारलं जे विचारायला आले होते. "माझ्यासोबत काम करशील? तुझ्याशिवाय मला जमणार नाही असं नाही, जमेल. पण तू असलीस तर जास्त चांगलं होईल. मला तू हवी आहेस."

तिने दुपट्ट्याने नाक पुसलं. "विचार करून सांगते. उद्या सहा डिसेंबर, मी नाही. सोमवारी सांगते." आणि खाली उतरून गेली.

मी जिन्यातच उभी राहिले. मी तिच्या जागी असते तर तिथल्या तिथे हो म्हणाले असते आणि वर्षभर धुसफुसले असते. तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, स्वतःसाठी तीन दिवस मागून घेतले. तेवढ्यातही मला तिचा हेवा वाटला. जात नाही तो इतक्यात.

सोमवारी ती नाही म्हणाली तर मला फार वाईट वाटेल, आणि ते मी तिला सांगेन.